उशाजवळचं देवाचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

किमोच्या दिवशी सलाईनमधून बहुतेकदा डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड जातं. उलट्या कमी व्हाव्यात, औषधाची रिअॅक्शन येऊ नये म्हणून ते देतात. त्यामुळे बऱ्याच पेशंटना त्या रात्री झोप येत नाही. सोबतचं माणूस खाली चटईवर गाढ झोपलेलं, वॉर्डातले निम्मे दिवे बंद, आणि डोक्यात एकच विचार घिरट्या घालतोय. देवाच्या सामानाच्या दुकानात वस्तू हातात घेताना ही रात्रीची दोनची वेळ डोळ्यांपुढे ठेवावी. सलाईन लावलेला हात, चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही, कुणाला उठवायचं नाही. अशा वेळी जी वस्तू चालते ती चांगली. दिवसा देव्हाऱ्यात शोभते ती वेगळी.

मराठवाड्यात हे सामान मिळण्याच्या जागा ठरलेल्या. पैठणला नाथमंदिराचा परिसर, परळी आणि तुळजापूरला देवळाबाहेरची दुकानं, छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी. माल जवळपास सगळीकडे सारखाच असतो, भाव मात्र यात्रेच्या गर्दीप्रमाणे वरखाली होतो. खाली दिलेले भाव साधारण आहेत, घासाघीस करायला जागा आहे.

हे सामान कोणाला लागतं तेही सांगायला हवं. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं आणि बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडच्या पेशंटच्या मुंबई-बार्शीच्या चकरा कमी झाल्या. पण रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असतं आणि अनेकदा पाच ते सात आठवडे चालतं. रोज गावाकडून येणं-जाणं जमत नाही, म्हणून लोक शहरात खोली घेऊन किंवा धर्मशाळेत राहतात. घरचा देव्हारा, गावातलं देऊळ, संध्याकाळचा हरिपाठ, सगळं मागे राहतं. डायलिसिसवाल्यांचं वेगळं: आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास, एक हात जागचा हलवायचा नाही. दोघांनाही पिशवीत मावेल एवढाच देव बरोबर नेता येतो.

भजनाचा डबा

दोन प्रकार मिळतात. पहिला थेट प्लगमध्ये खोचायचा, दीडशे ते तीनशे रुपयांचा. त्यात दहा-वीस धून भरलेल्या असतात आणि बटण दाबलं की पुढची लागते. घरच्या देव्हाऱ्यासाठी हा ठीक आहे, दवाखान्यात अजिबात नको. पलंगाजवळ प्लग एक असतो, फार तर दोन. तो इन्फ्युजन पंपाला (सलाईन मोजून सोडणारं यंत्र) नाहीतर नेब्युलायझरला लागतो. रिकामा दिसला म्हणून डबा खोचला आणि सिस्टरने काढून ठेवला, तर चूक सिस्टरची नाही. गावाकडे लाइट गेली की हा डबा मुका. शिवाय धून अर्ध्या-एका मिनिटाची असते आणि तीच फिरत राहते. निरोगी माणसाला ते कानामागे टाकता येतं. मळमळत असलेल्या माणसाला तासाभरात नको-नको होतं, आणि देवाचं नाव नकोसं झालं म्हणून वर अपराधी वाटतं ते वेगळंच.

दुसरा प्रकार बॅटरीचा, मेमरी कार्ड घालायचा. पाचशे ते हजार रुपयांत चांगला मिळतो. घ्यायचा तो हाच, पण दुकानात चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. पहिली तपासणी बटण दाबताक्षणीची. बऱ्याच डब्यांत चालू केल्याबरोबर एक बाई इंग्रजीत ‘ब्लूटूथ मोड’ असं ओरडते आणि तिचा आवाज व्हॉल्यूम कमी करूनही कमी होत नाही. रात्री दोनला ही बाई ओरडली की पुढच्या तीन पलंगांवरचे उठून बसतात. दुसरी तपासणी दिव्यांची. रंगीत डिस्को लाइट बंद करायची सोय नसेल तर परत ठेवा. तिसरी: आवाज सगळ्यात कमी करून डबा कानापासून हातभर लांब धरा. स्वस्त डब्यांत सगळ्यात कमी पायरीसुद्धा मोठी असते आणि एकदम शून्यावर उतरते, मधलं काही नाही. चौथी: बंद करून परत चालू करा. जिथे थांबला तिथून सुरू व्हायला हवा. दर वेळी पहिल्याच काकड्यापासून सुरू होणाऱ्या डब्यावर विसावा अभंग कधी ऐकूच येत नाही.

बटणं उंच, कडक नसलेली आणि एकमेकांपासून लांब हवीत. पालथ्या हाताला कॅन्युला, म्हणजे सलाईनची शिरेतली नळी, चिकटवलेली असते. त्यावरची पट्टी अंगठ्याच्या मुळापर्यंत येते, मनगट वळवलं की शीर ठणकते. अशा हाताने सपाट टचचं बटण सापडत नाही. तर्जनी डब्याच्या कडेवरून फिरवली की न बघता बटण लागलं पाहिजे. दुकानदारासमोर डोळे मिटून एकाच हाताने करून बघा. तो हसेल, हसू द्या.

बॅटरी बहुधा १२०० एमएएचची असते. डब्यावर दहा तास लिहिलेलं असलं तरी हलक्या आवाजात पाच-सहा तास धरून चाला. डायलिसिसच्या चार तासांना पुरतात. चार्जिंगची पिन टाइप-सी असलेली बरी, म्हणजे मोबाइलच्याच वायरवर भागतं. एप्रिल-मेमध्ये एसटीच्या खिडकीशी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर डबा ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात लिथियमची बॅटरी फुगते. पाठीमागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं की तो डबा पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही.

इअरफोनचं भोक हवंच. वॉर्डात चार जण चार श्रद्धांचे असतात. शेजारच्याचा पंजसूरा असतो, समोरच्या पलंगावर नांदेडकडचं माणूस सुखमनी साहिब ऐकत असतं, कोपऱ्यातल्या आजोबांना परित्राण पाठ हवा असतो, आणि एखाद्याला फक्त शांतता हवी असते. पण इअरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान पंपाच्या बीप-बीपसाठी मोकळा ठेवायचा. सलाईन संपलं, नळी दुमडली, हवा आली की पंप ओरडतो, तो ऐकू आला पाहिजे.

आता आतला माल. दुकानातून भरून मिळणाऱ्या कार्डांत हरिपाठाच्या मधोमध डीजे रिमिक्स, लग्नातली गाणी, कुठल्याशा चॅनेलची जाहिरात असं काहीही येतं. आठ जीबीचं कोरं कार्ड घेऊन स्वतः भरा. साध्या दर्जाच्या, म्हणजे १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्री फाइल घेतल्या तर त्यात १३० तासांच्या वर मावतं. एक गोम आहे: स्वस्त डबे फाइलचं नाव बघत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून कार्ड आधी फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करायचं आणि फाइल एकेक करून, ऐकायच्या क्रमाने टाकायच्या. सगळ्या एकदम ओढून टाकल्या की पसायदान आधी आणि काकडा शेवटी.

काय भरावं? गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ. मोबाइल टाळकऱ्यांपासून दहा-बारा फूट लांब, मृदंगाच्या विरुद्ध बाजूला, घडीच्या उपरण्यावर ठेवून रेकॉर्ड करा. जवळ ठेवला तर टाळ फाटतात आणि शब्द बुडतात. स्टुडिओतल्या गोड आवाजापेक्षा हा आवाज पेशंटला जास्त धरून ठेवतो. कोण सूर चुकवतं, कोण मध्येच खोकतं, हे त्याला ठाऊक असतं आणि त्या मंडळात त्याची जागा रिकामी आहे हेही ठाऊक असतं. अर्धा भाग हरिपाठाचा, थोडे काकडे, थोडं नुसतं नामस्मरण संथ लयीत. कीर्तन कमी भरा. त्यातले विनोद आणि मरणाचे दृष्टांत दोन्ही रात्री दोनला नको असतात.

हरिपाठाचं पुस्तक

ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग, म्हणजे निवांत म्हटले तर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. बाजारात खिशात मावणारी पुस्तिका दहा-वीस रुपयांना मिळते. वारीत ती बरी. किमोच्या काळात डोळे कोरडे पडतात, स्टिरॉइडने नजर धूसर होते, आणि त्या पुस्तिकेतलं अक्षर मुंगीएवढं. मोठ्या टाइपाची आवृत्ती पन्नास ते शंभरात मिळते. पान हातभर अंतरावर धरून चष्म्याशिवाय जोडाक्षर वाचता येतं का ते बघा. चकचकीत कागद घेऊ नका, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि आडवं पडलेल्या माणसाला अर्धी ओळ दिसतच नाही. मळकट पांढरा, खरखरीत कागद उत्तम.

बांधणी सर्पिल तारेची हवी. खिळ्यांनी शिवलेलं पुस्तक सोडलं की मिटतं, म्हणजे धरायला दोन हात लागतात, आणि एक हात आधीच अडकलेला असतो. तयार मिळालं नाही तर झेरॉक्सच्या दुकानात मोठी प्रत काढून स्पायरल करून घ्या. लॅमिनेशन निवडक पानांनाच करा, सगळ्याला केलं तर वीट होते. इंकजेटची प्रिंट नको. सॅनिटायझरचा हात लागला की शाई पसरते. झेरॉक्स किंवा लेझरची त्या मानाने टिकते.

ज्ञानेश्वरी घेऊन जाऊ का, असं घरचे हमखास विचारतात. नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ छातीवर धरून वाचायचा नसतो. पोटाचं ऑपरेशन झालेल्याला तर तो उचलताही येत नाही. घरीच राहू द्या. त्यातल्या पसायदानाच्या नऊ ओव्या एका लॅमिनेट कार्डावर मावतात, तीन मिनिटांत होतात. स्कॅनच्या रांगेत तीन मिनिटांचंच काहीतरी लागतं.

एक मत इथेच मांडतो, पटलं तर घ्या. आजारी माणसाला द्यायच्या पुस्तकात धीराचेच शब्द असावेत असं लोकांना वाटतं, आणि दुकानदारही ‘सकारात्मक’ असं छापलेली गुळगुळीत पुस्तकं पुढे करतात. ती पेशंटला फार उपयोगी पडत नाहीत. घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ हे ऐकायचं नसतं, घाबरलोय हे कुणाला तरी सांगायचं असतं. जांबच्या समर्थांची करुणाष्टकं त्यासाठी जास्त कामाची: ती देवापुढे सरळ रडतात, आपली अगतिकता लपवत नाहीत. गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग त्याच्याही पुढचे. ती विठ्ठलाला कामाला लावते, प्रसंगी खडसावते. सोबतची मंडळी ‘देवावर भार टाक’ म्हणतात तेव्हा पेशंटला कधी कधी ‘आमच्यासमोर रडू नकोस’ असंच ऐकू येतं. हे अभंग वाचताना मात्र देवाशी भांडणाऱ्याची श्रद्धा कच्ची ठरत नाही, उलट एवढ्या हक्काने बोलता येतं हे दिसतं. दोन्हींची साधी आवृत्ती एकत्र घेतली तरी शंभराच्या आत येते. इतक्या पैशांत याहून चांगली खरेदी नाही.

तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड येतात, बोलताना कळ येते. त्याला मोठ्याने म्हणायचा आग्रह धरू नका. त्याच्यासाठी सोबतच्या माणसाने म्हणावं. स्वरयंत्र काढलेल्याला तर आवाजच नसतो, आणि मग माळ हाच त्याचा उच्चार.

जपमाळ

मणी १०८ आणि वर मेरू, हे सगळ्यांना माहीत असतं. मण्याचा आकार कोणी बघत नाही. दुकानात बहुतेक माळा सहा मिलिमीटर मण्यांच्या असतात. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात. असा बारीक मणी पुढे सरकला की नाही हे त्या बोटांना कळतच नाही, दोन-तीन मणी एकदम जातात आणि माणूस चिडतो. आठ-दहा मिलिमीटरचा मणी घ्या, दोन मण्यांमध्ये गाठ असलेली माळ घ्या. १०८ची झेपत नसेल तर २७ मण्यांची छोटी माळ असते, चार फेऱ्यांत तेवढंच होतं. मेरू मोठा, गोंड्याचा असावा, म्हणजे फेरी संपली हे अंधारातही कळतं.

ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांना आणखी एक त्रास असतो: गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, तोही पुढचे काही दिवस. स्फटिकाची माळ, चांदीची माळ, तांब्याची पळी-पंचपात्री या काळात बाजूला ठेवा. लाकूड गार लागत नाही, म्हणून तुळशीचीच बरी.

तुळशीच्या नावाखाली दुसऱ्या लाकडाची रंगवलेली माळ सर्रास विकतात. ओला कापूस मण्यावर घासा. तपकिरी रंग उतरला तर तो रंग आहे, तुळस नाही. खरा मणी हलका असतो, एकाला एक तंतोतंत सारखा नसतो आणि त्याला अत्तराचा भपका येत नाही. चांगली माळ साठ ते दीडशेत मिळते. रुद्राक्ष घ्यायचा तर परळीला, औंढ्याला, वेरुळाला भरपूर मिळतो. पण त्याच्या खाचांत घाम आणि मळ बसतो, मऊ ब्रशशिवाय निघत नाही. प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसाच्या हातात गुळगुळीत मणीच बरा.

माळ साबणाच्या पाण्यातून झटकन काढून सावलीत वाळवायची. भिजत ठेवू नका, लाकूड फुगून दोरा तुटतो. सॅनिटायझरही नको, रंगवलेली असेल तर डाग पडतात. किमोनंतरचे पहिले दोन दिवस उलटीत, लघवीत औषधाचा अंश असतो. त्या काळात माळेवर किंवा पुस्तकावर उलटी उडाली तर हातमोजे घालूनच धुवा, नुसत्या हाताने नको.

गळ्यातली माळ हा नाजूक विषय. वारकऱ्याला ती काढा म्हणणं सोपं नाही. पण डोक्या-मानेच्या रेडिएशनला चेहऱ्यावर जाळीचा मास्क बनवतात आणि तो पहिल्या दिवशीच्या मापाने घट्ट बसवलेला असतो. खाली माळ आली की मास्क नीट बसत नाही, आणि मास्क हलला की किरणांची जागा हलते. एमआरआयला धातूची कडी, चांदीचा मणी, ताईत चालत नाही. सीटी स्कॅनमध्ये धातूमुळे चित्रावर रेघा येतात. ऑपरेशनला तर सगळंच उतरवावं लागतं. मार्ग सोपा आहे: स्वच्छ सुती कापडाची, नाडीची छोटी पिशवी शिवून घ्या, आत जाताना माळ तिच्यात घालून दारातल्या माणसाच्या हातात द्या, बाहेर आल्याबरोबर परत घाला. हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा. ऐनवेळी दारात तंत्रज्ञाने सांगितलं की माणूस बिथरतो, आणि मशीनखाली शांत पडून राहणं हे त्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम असतं. जे महाराज किंवा फडकरी (वारकरी फडाचे प्रमुख) त्या घराला मान्य असतील त्यांच्याकडून आधीच दोन शब्द वदवून घेतले तर उत्तम.

बोटात घालायचं डिजिटल काउंटर पन्नास-साठ रुपयांना मिळतं. बटण दाबलं की आकडा वाढतो. चादरीखाली आपोआप दाबलं जातं, शून्यावर जातं, आणि त्यात असतो बटण सेल. घरात लहान लेकरू असेल तर आणूच नका. तो सेल गिळला तर अन्ननलिका जळते. शिवाय आकड्याने जप हिशेबाचा होतो. दम लागलेल्या माणसाला किती झाले यापेक्षा श्वास किती लांब सोडला हे महत्त्वाचं. श्वास घेताना काही नाही, सोडताना ‘राम कृष्ण हरी’ सावकाश, एवढं पुरतं. त्याला यंत्र लागत नाही.

तीर्थ, अंगारा, दोरे

ही वस्तू बहुतेकदा विकत आणलेली नसते, भेटायला येणारे घेऊन येतात. म्हणून नाही म्हणणं अवघड जातं.

किमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात पंचामृत नको: कच्चं दूध, दही, मध, आणि किती हातांनी ढवळलंय याचा पत्ता नाही. नदीचं, कुंडाचं तीर्थ प्यायला नको. देवापुढे ठेवलेलं उकळून गार केलेलं पाणी तीर्थ म्हणून द्यायला कुठल्या शास्त्राची हरकत असेल असं वाटत नाही. ताजी फुलं, हार पलंगाजवळ ठेवू नका, फुलदाणीतल्या पाण्यात जंतू वाढतात. तुळशीचं कच्चं पानही या दिवसांत टाळलेलं बरं.

डायलिसिसच्या पेशंटला देवापुढचा नारळ फोडून पाणी पाजतात. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस जातोसुद्धा. केळी, खजूर यांचंही तसंच. त्याला खडीसाखरेचा एक खडा द्या. मधुमेही असेल तर देवाचा हात डोक्यावर ठेवलेलाच प्रसाद समजा. एकादशी धरायची की नाही हे इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा बघून डॉक्टरांना विचारूनच ठरवा. इन्सुलिन नेहमीचं आणि पोट रिकामं, यात साखर एकदम खाली जाते. साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास हलका होतो खरा, पण शेंगदाण्याच्या कुटात किडनीवाल्याला नको ते सगळं आहे.

अंगारा कपाळाला चालेल, कपाळ रेडिएशनच्या जागेत येत नसेल तर. जिथे किरणं देतात त्या कातडीवर भस्म, हळद, अष्टगंध काहीही लावायचं नाही. कातडी आधीच भाजल्यासारखी झालेली असते, आणि शाईच्या खुणा पुसल्या तर जागा परत ठरवावी लागते. अंगारा पाण्यातून पाजणं तर नकोच.

मनगटातला लाल-काळा दोरा कुठल्या हाताला आहे ते बघा. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला घट्ट काही बांधायचं नाही, सूज धरते. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी मुद्दाम जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताचंही तेच. तिथे बांगडी, गंडा, घड्याळ काही नको, रक्ताचा प्रवाह अडला तर फिस्टुला बंद पडतो. दुसऱ्या हाताला सैल बांधा, देवाला दोन्ही हात सारखेच.

अगरबत्ती, कापूर, निरांजन ऑक्सिजनच्या आसपास कधीच नाही. यात ‘जरा वेळ’ असं काही नसतं.

जपाची पॅकेजेस

आता सगळ्यात महाग वस्तू. सव्वा लाख महामृत्युंजय जप, ऑनलाइन बुकिंग, व्हिडिओ कॉलवर संकल्प, प्रसाद कुरिअरने. घरचे हताश झालेले असतात आणि काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं, ते समजण्यासारखं आहे. पैसे भरण्याआधी फक्त गणित करा. स्पष्ट उच्चारात एक आवर्तन बारा सेकंदांचं धरलं तर १,२५,००० आवर्तनांना जवळपास ४१७ तास लागतात. ११ जण रोज सात तास बसले तर साडेपाच दिवस. भरभर, आठ सेकंदांनी म्हटलं तरी साडेतीन दिवसांच्या वर. पाच गुरुजींत एका दिवसात सव्वा लाख पूर्ण, असं कोणी सांगत असेल तर जपाचं काय झालं ते कळलंच. विचारायचे प्रश्न तीन: किती जण, किती दिवस, रोज किती तास. सरळ उत्तर देणारे गुरुजी आहेत, त्यांच्याकडे जा. त्याहून बरं म्हणजे घरातल्या सहा जणांनी रोज एकेक माळ करावी. पैसे लागत नाहीत, आणि पेशंटला माहीत असतं की सुनेने सकाळी आपलं नाव घेऊन माळ ओढली.

मात्र या जपाने ऑपरेशन सोपं जाईल असं त्याला सांगू नका. अमेरिकेत बायपासच्या १८०२ पेशंटवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी अनोळखी लोक प्रार्थना करताहेत हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, असं मोघम सांगितलेल्यांत, प्रार्थना झालेल्यांचं प्रमाण ५२ टक्के आणि न झालेल्यांचं ५१. यावरून देव नाही असं सिद्ध होत नाही, तसं कोणी म्हणूही नये. पण प्रार्थनेला औषधासारखा गुण चिकटवून विकता येत नाही एवढं नक्की. वर पेशंटच्या डोक्यावर बरं होण्याची जबाबदारी येते: एवढा जप केला, आता रिपोर्ट चांगलाच आला पाहिजे. रिपोर्ट वाईट आला की तो देवापुढेही नापास आणि घरच्यांपुढेही.

‘कॅन्सर बरा करणारं’ कवच, यंत्र, अभिमंत्रित लॉकेट यांच्याबद्दल परीक्षण वगैरे काही नाही. १९५४ च्या औषधे व जादूई उपचारांच्या जाहिरातींवरील कायद्यात ताईत, मंत्र, कवच यांची नावं घेऊन अशा जाहिरातींना बंदी आहे, आणि आजारांच्या यादीत कॅन्सर आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही चमत्काराचा दावा करून फसवणाऱ्याला लागू होतो. ओळखायची खूण एकच: जो विकणारा ‘डॉक्टरांची औषधं थांबवा’ म्हणतो त्याच्या दुकानातून उठा. पैठणच्या, परळीच्या साध्या माळवाल्याने असं म्हटल्याचं सहसा ऐकायला मिळत नाही.

हिशेब असा. बॅटरीचा डबा सातशे, कोरं कार्ड तीन-साडेतीनशे, हरिपाठ आणि करुणाष्टकं मिळून दीडशे, तुळशीची जाड मण्यांची माळ शंभर, नाडीची पिशवी घरी शिवायची. तेराशेच्या आत सगळं होतं. डब्याचं पक्कं बिल घ्या, बहुतेक दुकानदार आठ दिवसांत बदलून देतात, पण बिलाशिवाय नाही. कार्डाची एक प्रत घरच्या मोबाइलमध्ये ठेवा, स्वस्त कार्डं अचानक कोरी होतात. आणि घेण्याआधी पेशंटला विचारा की त्याला यातलं काय हवंय. पंढरीची वारी चुकवली नाही असा माणूसही कधी कधी म्हणतो, मला जुनी गाणी भरून द्या. भरून द्या.